अकरावा खटका

ती. स्व. दादांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगातल्या आठ अंगांपैकी उजवा गुडघा कायमचा संपावर गेला आहे, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा स्वीकार व्हावा.)

तुमचं ब्लडप्रेशर ताब्यात असेल. वहिनींना नव्या चष्म्याची सवय झाली असेल. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं हे मला माहीत आहे, पण इथे कुणी विचारलं तर ते गेल्याच महिन्यात झालं आणि तुमची बहीण त्यासाठीच तुमच्याकडे आली आहे, असं मी सांगितलं आहे. तुमच्याकडे कुणाचा फोन आला तर कृपा करून त्यांचा डोळा अजून दुखता ठेवावा. तुमच्या बहिणीची प्रकृती कशी आहे हे मी विचारत नाही. ती तुमच्याच घरात आहे, तुम्ही बघताच आहात. मी विचारलं काय आणि नाही काय, तिच्या प्रकृतीला त्याचा काडीचा फरक पडणार नाही, असं तिनेच एकदा सांगितलं होतं.

या जमान्यात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की आमच्या उतारावर फोनला रेंज नाही. ती मिळते वर बसस्टॉपवर, न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की. त्या पायरीवर मी चार महिन्यांपासून पाय ठेवलेला नाही. का, ते पुढे येईलच. शिवाय फोन केला आणि तुमच्याऐवजी तिनेच उचलला तर काय बोलायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. पत्र तरी तुम्हीच उघडाल असा भरवसा आहे.

आता मूळ मुद्दा. तुमच्या बहिणीने तुम्हाला तिची बाजू सांगितली असेलच. (किंवा काहीच सांगितलं नसेल. तिच्या न बोलण्याचा माझा अनुभव तुमच्यापेक्षा दांडगा आहे.) माझी बाजू पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितली तर मी मूर्ख वाटतो. पहिल्यापासून सांगितली तरी वाटेनच, पण निदान हळूहळू.

तुम्हाला आठवत असेल, चौतीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढल्यावर निवृत्तीनंतर आम्ही या उतारावरच्या घरात आलो. एकूण घरं अकरा. आमचं सगळ्यांत वरचं, म्हणून क्रमांक अकरा. वीज कंपनीची तार खाली पुलापर्यंत येऊन थांबलेली. एकदा त्यांचा इंजिनिअर आला होता. पुलावर उभा राहून त्याने मान वर केली, आमच्या घरांकडे बघितलं, चहा घेतला आणि गेला. त्यानंतर आमच्या प्रत्येक अर्जाला ‘पाहणी झालेली आहे’ असं उत्तर यायचं. ते खरंच होतं. त्याने पाहिलं होतं.

घरामागून ओढा वाहतो. बारा महिने वाहतो, आणि चांगला तीस माणूस उंचीवरून खाली येतो. वाहतं पाणी बघून कवी लोकांना काय होतं मला ठाऊक नाही, फिटरला खाज सुटते. एवढं पाणी फुकट खाली जातंय आणि आपण कंदिलाच्या काचा पुसतोय, हे मला बघवेना. वर्षभर मी मोजमापं घेतली, बादली आणि घड्याळ घेऊन. (बादली उचलायला तुमची बहीण होती. घड्याळ माझ्याकडे होतं.) मग एका संस्थेला गाठलं. त्यांनी छोटं टर्बाइन, जनरेटर आणि पाइप द्यायचं कबूल केलं. अट एकच, राबायचं आमचं आम्ही.

चार महिने राबलो. वर बांध घातला, तिथून पाइप खाली आणला, खाली यंत्राची शेड बांधली. निवृत्त पोस्टमास्तर आमच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पार्सलं हाताळलेली, त्यामुळे पाइप वर चढवताना सूचना देण्याचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. त्यांच्या ‘सोडा’ आणि ‘ओढा’ या दोन शब्दांत ऐकायला फारसा फरक नाही, हे आमच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. पाइप निसटला, घरंगळत खाली गेला आणि त्यांच्याच न्हाणीघराच्या भिंतीत घुसला. सुदैवाने आत कुणी नव्हतं. दुर्दैवाने त्यांनी अध्यक्षपद सोडलं नाही.

पण दादा, ज्या संध्याकाळी पाणी सोडलं आणि अकरा घरांत एकदम दिवे लागले, त्या संध्याकाळबद्दल मी थट्टा करणार नाही. शाळेतल्या बाई रडल्या. न्हाव्याने मला मिठी मारली. लोकांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला ‘फ्यूजकाका’ म्हणायला लागले. तेव्हा ते प्रेमाने म्हणत होते.

आता वाटणी. यंत्र तीन किलोवॅटचं. तीन किलोवॅट म्हणजे किती, तर तुमच्या शहरात सकाळी एका घरात गीझर आणि इस्त्री एकदम चालू झाली की संपेल तेवढं. ते आम्ही अकरा घरांत वाटलं. घरागणिक चार दिवे, एक पंखा, एक टीव्ही. पाणी तापवायचा रॉड नाही, इस्त्री नाही, शेगडी नाही. कुणी एकाने हावरटपणा केला की यंत्राला धाप लागते आणि अकरा घरांतले दिवे मंद होतात. म्हणून मी चौदा नियम केले, स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि शेडच्या दारावर लावले. शेडमध्ये एक फळी बसवली, तिच्यावर अकरा खटके, प्रत्येक घराचा एक, खाली रंगाने क्रमांक. (लोक त्यांना बटणं म्हणतात. बटणं सदऱ्याला असतात.) शेडची किल्ली माझ्याकडे. कारखान्यात चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हुकमावर यंत्रं बंद-चालू केली होती. आता अकरा घरं माझ्या एका बोटाखाली होती. मला त्याचं सुख होत होतं, हे मी आज कबूल करतो. त्या वेळी मी त्याला जबाबदारी म्हणत असे.

तिसऱ्या बैठकीत तुमची बहीण उभी राहिली. मला आधी काही बोलली नव्हती. ती म्हणाली, संध्याकाळी वीस मिनिटं पाण्यात रॉड लावायची परवानगी मिळेल का, बोटं आखडतात, गरम पाण्यात धरली की मोकळी होतात, आणि एवढ्या-तेवढ्यासाठी चूल पेटवायला लाकडं फोडावी लागतात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? (याचं उत्तर मला नको आहे.) मी म्हणालो, “क्रमांक अकरा, अर्ज नामंजूर. नियम सगळ्यांना सारखा.” पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. स्वतःच्या बायकोलासुद्धा सूट नाही, असा माणूस! मी महिनाभर छाती पुढे काढून चालत होतो. त्या दिवशी घरी येऊन तिने नेहमीसारखं ताट वाढलं, पाणी ठेवलं. तिला पटलं, असा मी अर्थ काढला.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. म्हणजे मी चालवलं. रोज पहाटे उठून बांधावर जायचं आणि पाइपच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेली पानं हाताने काढायची, हे माझं व्रत. थंडी असो, पाऊस असो. बाई एकदा म्हणाल्या की जाळीची रचना थोडी बदलली तर पानं अडकणारच नाहीत. मी त्यांना विचारलं, तुम्ही शाळेत काय शिकवता? त्या म्हणाल्या, विज्ञान. मी म्हणालो, तेच शिकवा.

मग या थंडीत दिवे मंद व्हायला लागले. रोज संध्याकाळी पावणेसातला. वीस मिनिटं. सात वाजून पाच मिनिटांनी पुन्हा लख्ख. इतकं नेमाने, की लोक त्यावर घड्याळं लावायला लागले. टीव्हीवरची माणसं आक्रसायची, पंखे रेंगाळायचे आणि अकराही घरांत एकच वाक्य उच्चारलं जायचं, ते म्हणजे “लावला बघा कुणीतरी.” कुणीतरी रॉड लावतंय, हे उघड होतं. कोण, ते कळेना, आणि मी तर रोज साडेसहा ते साडेसात उतारावर फेरी मारून नियम कोण मोडतंय ते बघत असे. शेजारी शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावायला लागला. कुणाच्या छपरातून वाफ निघते, कुणाचे कपडे जास्त पांढरे दिसतात, कुणाची कातडी तजेलदार झाली, यावर चर्चा. पोस्टमास्तरांनी तर एकाच्या अंगाला साबणाचा ताजा वास येतो म्हणून त्याचं नाव वहीत टिपून ठेवलं.

माझा संशय न्हाव्यावर. त्याचं घर सहा नंबरचं, आणि दुकानात संध्याकाळी लागणारं गरम पाणी घरून किटलीने जातं. मी एका संध्याकाळी त्याच्या दुकानात गेलो, खुर्चीत बसलो, त्याने तोंडाला फेस लावला, एका गालावरून वस्तरा फिरवला आणि मी आरशात त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, हे पाणी कुठे तापतं? हातात वस्तरा असलेल्या माणसाला असं विचारू नये, हे मला कळायला हवं होतं. पण त्याने काही केलं नाही. वस्तरा ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, “काका, चुलीवर तापतं. उरलेला गाल घरी करा.” एका गालावर फेस घेऊन मी बसस्टॉपवरून खाली आलो. बस नुकतीच आली होती, त्यामुळे बघायला माणसंही भरपूर होती.

त्यानंतर माझे केस तुमची बहीण घरी कापायला लागली, शिवणाच्या कात्रीने. फार वाकडे कापायची. एक बाजू वर, एक खाली. कात्री मध्येच थांबायची, मग दोन्ही हातांनी मिटायची. मी आरशात बघून तक्रार करायचो. तीही ऐकून घ्यायची.

शेवटी मी ठरवलं, चोर सगळ्यांसमोर पकडायचा. शनिवारी साडेसहाला प्रत्येक घरातून एकाने शेडवर यावं, असा फतवा काढला. आमच्या घरातून मीच असल्यामुळे तिला सांगायचं मला सुचलं नाही. पोस्टमास्तर वही घेऊन आले. बाई आल्या. न्हावी आला, पण माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. पद्धत मी समजावून दिली. शेडमध्ये एक दिवा आहे. तो मंद झाला की मी एकेक घर बंद करणार. ज्या घराचा खटका पाडल्यावर दिवा एकदम उजळेल, ते घर चोर. नाही उजळला तर त्याचा खटका परत चालू, पुढचं घर. लहान मुलालाही समजेल इतकं सोपं. मी स्वतःवर खूष होतो.

पावणेसात झाले. दिवा मंद झाला. मी सुरुवात सहापासून केली, हे सांगायला नकोच. खटका पाडला. दिवा तसाच. न्हाव्याने पाठ केलेलीच होती, तरी ती पाठ हसली असं मला वाटलं. मग एक. दोन. तीन पाडताना पोस्टमास्तर म्हणाले की तीन म्हणजे ते स्वतः, त्याची गरज नाही. मी पाडला. नाही. चार, पाच, सात, आठ. नऊ म्हणजे बाई. त्या शांत उभ्या. नाही. दहाला सगळे पुढे झुकले, कारण आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. दहा पाडला. दिवा मंद तो मंदच.

मी फळी तपासली. म्हटलं, कुठेतरी तार उघडी पडली असणार, सकाळी बघतो. पोस्टमास्तर वहीत बघून म्हणाले, “अकरावा राहिला.”

“अकरावा माझा आहे,” मी म्हणालो.

“म्हणूनच म्हणतोय.”

दादा, त्या खटक्याला मी स्वतः तेल दिलेलं होतं. तो हलकेच पडला. आणि दिवा असा उजळला की दारावरचे माझे चौदाच्या चौदा नियम सगळ्यांना लांबून वाचता आले.

मी घराकडे निघालो. मागून सगळे. मी म्हणालो, येऊ नका. ते म्हणाले, नाही नाही, आम्ही आमच्या घरी चाललोय. (अकरा नंबरच्या पुढे घर नाही, फक्त ओढा आहे.) दार उघडलं तर अंधारात कंदील लावून तुमची बहीण स्टुलावर बसलेली. पुढे पाण्याचा टब. दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात. शेजारी रॉड, वाफाळता. तिने वर बघितलं, माझ्याकडे, मग माझ्या मागच्या दहा डोक्यांकडे, आणि म्हणाली, “दार लावून घ्या, वारा येतोय.”

मी विचारलं, “रॉड कुठून आला?”

“दादांनी दिला.”

हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. मागच्या खेपेला ती तुमच्याकडे आली, तेव्हा तुम्ही तिची बोटं पाहिलीत आणि विकत आणून दिलात, असं तिने सांगितलं. चार दिवसांत तुम्हाला दिसलं. ठीक आहे. तुमची नजर पहिल्यापासून चांगली आहे.

नियम बारा असा आहे की चोरून जादा वीज वापरणाऱ्या घराची वीज आठ दिवस बंद. पोस्टमास्तर म्हणाले, जाऊ द्या. बाई म्हणाल्या, हा नियम दुखणं असलेल्या माणसासाठी नाही. न्हावी इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. म्हणाला, काकूंना रोज किटलीभर गरम पाणी मी आणून देत जाईन. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. ज्याला मी भर दुकानात चोर म्हटलं, त्याने माझ्या घरात किटली घेऊन यायचं? मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. शेडवर गेलो, अकरावा खटका बंद केला, दाराला कुलूप लावलं, आणि दारावरच्या नियमांखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘घर क्रमांक अकरा. आठ दिवस.’ या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या घरी गेले.

दोन संध्याकाळी आम्ही कंदिलात काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. मला वाटलं, बोलेल. भांडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती, चांगली होती. ती बॅग घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “पट्टा तेवढा लावून द्या. बोटांना जमत नाही.” बकल साधंच होतं, कुठल्याही माणसाला लावता येण्यासारखं. मी लावून दिलं. मग ती गेली. म्हणजे दादा, तुमच्याकडे यायला तिला मीच मदत केली, हे तुम्ही लक्षात घ्यावं.

आठ दिवसांनी मी नियमाप्रमाणे खटका चालू केला. आता घरात चारही दिवे लागतात. एका वेळी मी एकाच खोलीत असतो, त्यामुळे तीन दिवे फुकट जळतात. नियम सातप्रमाणे तेही चूक आहे.

इथवर मी तत्त्वाचा माणूस होतो, असं म्हणता येईल. पुढचं ऐका. मला चार दिवस ताप आला. (थंड पाण्यात पहाटे उभं राहून येतो तसला. काळजी नसावी. कुणी करतही नाही.) पानं काढायला मी जाऊ शकलो नाही, तेव्हा बाई गेल्या. त्यांनी माझी उभी जाळी काढली आणि तिथे पत्र्याला भोकं पाडून तयार केलेली तिरपी जाळी बसवली. एका दुपारचं काम. पाणी खाली जातं, पानं वरून घसरून ओढ्यात पडतात. हात लावावा लागत नाही. बरा होऊन मी चिडून वर गेलो, तर बाई तिथे वही घेऊन बसलेल्या. त्यांनी मला आकडे दाखवले. माझी जाळी पहाटे साफ केली तरी संध्याकाळपर्यंत पानांनी निम्मी तुंबायची. यंत्राला पाणीच पुरं पडत नव्हतं. तीन किलोवॅटचं यंत्र दोन वर्षं रोज संध्याकाळी दोन किलोवॅटवर चालत होतं. मी रोज सकाळीच आकडा बघायचो, पानं काढून झाल्यावर, आणि समाधानाने घरी जायचो.

तिचा रॉड एक किलोवॅटचा आहे. मी घरी येऊन त्याच्यावर छापलेलं वाचलं. दोनदा वाचलं.

म्हणजे जी वीज शिल्लक नाही म्हणून मी तुमच्या बहिणीला भर बैठकीत खाली बसवलं, ती दोन वर्षं माझ्याच जाळीत, पानांखाली अडकून होती. चोर शोधायला मी अकरा घरं पालथी घातली. बांधावर बघितलं नाही, कारण तिथे रोज मीच जात होतो.

गेल्या आठवड्यात बैठक झाली. बाईंनी ठराव मांडला की ज्यांना दुखणं आहे त्यांना संध्याकाळी पाळीपाळीने वीस मिनिटं रॉड लावता यावा. दहा घरांनी हात वर केले. मी केला नाही. विरोध म्हणून नव्हे, सगळे माझ्याकडे बघत होते आणि हात उचलला जाईना. पोस्टमास्तरांनी वहीत ‘एक विरुद्ध’ असं लिहून टाकलं. मग मी राजीनामा दिला. रिवाजाप्रमाणे लोकांनी तीनदा आग्रह करायचा असतो. पोस्टमास्तर म्हणाले, “किल्ली टेबलावर ठेवा.” आता किल्ली बाईंकडे असते. यंत्र सुरेख चालतं. मी पहाटे उठतो आणि कुठे जायचं ते आठवत बसतो.

असो. मी मजेत आहे. तुमच्या बहिणीने यायची घाई करू नये. माझं काही अडलेलं नाही. तिने तब्येत सांभाळावी, तुम्ही तिला सांभाळावं, आणि वहिनींचा डोळा पुढचा महिनाभर तरी दुखत राहावा, एवढंच मागणं आहे. मोठ्यांना नमस्कार म्हणावं तर तुमच्या घरात तुमच्याहून मोठं कुणी नाही, तेव्हा सगळे तुम्हीच ठेवून घ्या.

आपला मेहुणा
(माजी यंत्रप्रमुख)

ता. क. : अडलेलं नाही म्हणालो, पण सहज जाता जाता तिला विचारून ठेवा की चहाची पावडर कुठल्या डब्यात असते. सहा डबे उघडले. एकात मीठ होतं, ते चहात घातल्यावर कळलं. मी विचारलं असं सांगू नका.

ता. क. २ : खरं कारण आता लिहितो, कारण पाकीट चिकटवायची वेळ झाली. सोबत एक छापील कागद जोडला आहे. रॉडच्या पाळीसाठी समितीने अर्ज काढला आहे. पावणेसात ते सात-पाच ही वेळ मी क्रमांक अकरासाठी बाईंकडे शब्द टाकून धरून ठेवली आहे. (शब्द कसला, विनवणी केली. त्यांच्या जाळीचीही स्तुती केली. दोनदा.) पण अर्जावर ज्याचे हात दुखतात त्याचीच सही लागते, आणि तो माणूस इथे राहणारा असावा लागतो. तेवढी सही घेऊन पाठवावी. सही करायला जमत नसेल तर अंगठाही चालेल, हे मी विचारून घेतलं आहे. आणि ‘इथे राहणारा’ या शब्दांखाली मी पेन्सिलने रेघ ओढली आहे. ती तिला दिसेल असा कागद धरावा.

ता. क. ३ : चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडून लिहितो आहे. ते टाकायला पेटीपर्यंत, म्हणजे न्हाव्याच्या दुकानासमोर, जावं लागलं. त्याने हाक मारली. तुमच्या बहिणीचा त्याच्या दुकानात चार दिवसांपूर्वीच फोन आला होता म्हणे. बाईंशी बोलली, अर्ज तोंडी सांगितला, तो मंजूरही झाला. सगळ्या उताराला माहीत आहे. गुरुवारी अकराच्या बसने येते आहे. बॅग उचलवत नाही म्हणून त्याला हातगाडी घेऊन उभं राहायला सांगितलं आहे. म्हणजे हे सगळं पत्र वायाच गेलं. तरी लिहिलं आहे तर पाठवतो. तुमच्या हाती पडेल तोवर ती निघालेली असेल, आणि नसेल तर तिला दाखवू नका. न्हाव्याला मी म्हटलं, गुरुवारी तू कशाला दुकान बंद ठेवतोस, हातगाडी दे, मीच बसस्टॉपवर जातो. त्याने वस्तरा पुसला. मग म्हणाला, काकूंना विचारून सांगतो.